सुरीने लावलेला रंग: जाड थर टिकतो कसा, वाळतो कसा

१८९० च्या मे महिन्यात व्हिन्सेंट व्हॅन गॉग सँ रेमीच्या मनोरुग्णालयातून बाहेर पडला, तेव्हा तिथल्या अखेरच्या दिवसांत रंगवलेली आयरिसची आणि गुलाबांची चित्रे त्याला सोबत नेता आली नाहीत, कारण त्यांवरचा रंग अजून ओला होता. ती चित्रे मागाहून ऑव्हेरला पोहोचली आणि आयरिस चांगले वाळले असल्याचे त्याने जूनमध्ये आपल्या भावाला, थिओला, पत्रातून कळवले. ही चित्रे बहुतांशी कुंचल्याची असली तरी रंगाचा थर जाड आहे, आणि जाड थर वाळण्याची वाट पाहणे हा त्या काळीही तैलचित्रकाराच्या कामाचाच भाग होता. पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या सुरीने, भातखाचरे, कौलारू घरे, फुले आणि पक्षी रंगवणाऱ्या चित्रकाराला ही वाट आणखी लांब पडते, कारण कुंचल्याने सहसा येते त्याच्या कितीतरी पट जाडी सुरीने एका हातासरशी येते. या चित्रांचे देखणेपण आणि त्यांची दुखणी ही दोन्ही त्या जाडीतूनच निघतात.

पॅलेट नाइफ या नावाखाली दुकानात खरे तर दोन वेगळी हत्यारे मिळतात. एक सरळ, लांबट आणि बोथट टोकाचे असते, ते पॅलेटवर रंग कालवण्यासाठी आणि खरवडण्यासाठी वापरतात. दुसऱ्याच्या दांड्याला बाक असतो, त्यामुळे पाते कॅनव्हासवर टेकले तरी बोटे ओल्या रंगाला लागत नाहीत. चित्र काढायचे ते याने. पात्याचे पोलाद स्प्रिंगसारखे लवचिक असावे लागते, कारण रंगावर पडणारा दाब मनगटाइतकाच पात्याच्या वाकण्यावरही अवलंबून असतो. रंगासाठी दाबता येणारी धातूची नळी अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड याने १८४१ मध्ये पेटंट केली आणि घट्ट, तयार रंग हवा तेवढा, हवा तिथे पिळून घेण्याची सोय झाली. पुढच्या दोन-तीन दशकांत गुस्ताव कूर्बे याने फ्रान्सच्या फ्राँश-काँते भागातील आपल्या गावाभोवतीचे कडे, ओढे आणि झाडोरा रंगवताना सुरीचा मुक्त वापर केला. १८६४ च्या सुमारास त्याने लू नदीच्या उगमाची जी चित्रे काढली, त्यांत खडकाचा खरखरीतपणा रेषांनी दाखवण्याऐवजी रंगच खडकासारखा बसवला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उभ्या कॅनव्हासवर पाच-पाच मिलिमीटर जाडीचा रंग ओघळत का नाही? पाणी, मध किंवा नुसते तेल उभ्या पृष्ठभागावर लावले तर ते सावकाश का होईना, खाली येतेच. तैलरंग मात्र जिथे ठेवला तिथे राहतो आणि तरीही सुरीने ढकलला की लोण्याहून सहज सरकतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम आणि त्याचा सहकारी हेन्री ग्रीन यांनी १९१९ मध्ये नेमका याच गोष्टीवर शोधनिबंध लिहिला आणि रंग हा चिकट द्रव नसून सुघट्य पदार्थ आहे, असे मांडले. अशा पदार्थाला वाहू लागण्यासाठी एक किमान ताण लागतो. ताण त्या मर्यादेच्या खाली असेल तोवर तो घन पदार्थासारखा वागतो, मर्यादा ओलांडली की द्रवासारखा. ताटात वाढलेले श्रीखंड याच कारणाने ढिगासारखे उभे राहते आणि चमचा लावताच हलते. रंगाच्या बाबतीत हे गुण येतात ते तेलात खच्चून भरलेल्या रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांमुळे: ते एकमेकांना हलके चिकटून एक ठिसूळ जाळे तयार करतात, सुरीच्या रेट्याने ते जाळे मोडते आणि सुरी उचलली की पुन्हा जुळू लागते. नळीत तेल आणि रंगद्रव्य वेगळे होऊ नये म्हणून उत्पादक थोडे ॲल्युमिनियम स्टिअरेट किंवा मेण घालतात, त्यानेही हे जाळे बळकट होते.

किती ताण लागतो याचा अंदाज साध्या गणिताने येतो. रंगाची घनता पाण्याच्या दुप्पट धरली आणि थर ५ मिलिमीटर जाडीचा असला, तर उभ्या कॅनव्हासला लागून असलेल्या रंगावर त्याच्या स्वतःच्या वजनाचा ताण सुमारे १०० पास्कल येतो, म्हणजे एक सेंटिमीटर खोल पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. रंगाची मर्यादा याहून जास्त असेल तर थर टिकतो. टर्पेंटाइन किंवा जादा तेल घालून ती खाली आणली तर ओघळतो. म्हणूनच सुरीने काम करणारे रंग नळीतून काढून थेट वापरतात, आणि काही जण तर तो आधी कागदावर पसरून थोडे तेल शोषू देतात. पाते कॅनव्हासपासून एक मिलिमीटर अंतर राखून सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने फिरले, तर मधल्या रंगाचा वरचा भाग खालच्या भागावरून दर सेकंदाला थराच्या जाडीच्या शंभरपट अंतर घसरतो, आणि एवढ्या वेगात बहुतेक तैलरंग स्थिर अवस्थेपेक्षा पुष्कळ पातळ होतात. पाते उचलताना मात्र रंग ताणला जातो. तो लांब ताणत गेला तर टोके लोंबतात, चटकन तुटला तर धारदार कंगोरा उभा राहतो. शेवंतीची पाकळी किंवा बगळ्याच्या पंखाची कड सुरीच्या एकाच फटक्यात साधते ती या तुटण्यामुळे. कुंचल्याचे केस हेच काम शेकडो चऱ्या पाडून करतात, आणि तिथे नेमकेपणाला मर्यादा पडते.

या कंगोऱ्यांवर प्रकाश कसा पडतो, हा विषय चित्रकार डोळ्याने जाणतात, पण त्यामागचे भौतिकशास्त्र फारसे सांगितले जात नाही. सुरीच्या सपाट बाजूने दाबलेला रंग गुळगुळीत होतो, त्यावरून प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो, त्यामुळे त्या कोनातून चकाकी दिसते आणि बाकीच्या सगळ्या कोनांतून रंग गडद व शुद्ध दिसतो. कुंचल्याच्या चऱ्यांवरून तोच प्रकाश सगळीकडे विखुरतो, रंगात पांढरेपणा मिसळल्यासारखा भास होतो. शिवाय जाड कंगोऱ्याची खरीखुरी सावली पडते. खोलीतला दिवा हलवला की चित्रातली सावलीही हलते. छापील प्रतीत ही चित्रे निम्मीही उरत नाहीत, असे माझे मत आहे.

जाडीचा रंगावरही परिणाम होतो, तो अपवर्तनांकामुळे, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याच्या मापामुळे. जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक १.४८ च्या आसपास असतो. पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७ च्या जवळ असल्याने तेलातही त्याचे कण प्रकाश जोरात विखुरतात आणि पातळ थरही अपारदर्शक होतो. अल्ट्रामरीन निळ्याचा अपवर्तनांक मात्र १.५ च्या आसपास, म्हणजे तेलाच्या इतका जवळ असतो की प्रकाश त्यात शिरतो, परत येत नाही आणि थर जाड असेल तर निळा रंग काळपट दिसतो. सुरीने अल्ट्रामरीन नुसता थापला की आकाश काळवंडते, आणि थोडा पांढरा मिसळला की एकदम उजळते, ते यामुळे. पक्ष्यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. खंड्याच्या पाठीचा निळा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नसतो. पिसातल्या केराटिनच्या अतिसूक्ष्म सच्छिद्र रचनेतून निळा प्रकाश निवडकपणे विखुरल्याने तो दिसतो. चित्रकाराकडे कोबाल्ट निळा किंवा फ्थॅलो निळा असतो, आणि हे दोन्ही उरलेला प्रकाश शोषून निळे दिसतात. पिसाची झळाळी त्यांतून मिळत नाही. सुरीने ओढलेल्या गुळगुळीत पट्ट्यावरची चकाकी त्या झळाळीचा आभास पुष्कळ अंशी निर्माण करते, आणि पक्ष्यांच्या चित्रात कुंचल्यापेक्षा सुरी सरस ठरते ती इथे.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. टर्पेंटाइन उडते, तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. विदर्भात ज्या जवसाची चटणी करतात, त्याच्याच तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते आणि त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. या बंधांच्या शेजारी ऑक्सिजन जोडला जातो, पेरॉक्साइड तयार होतात, ती फुटतात आणि शेजारच्या रेणूंना सांधत जातात, शेवटी सगळे तेल एकसंध जाळे बनते. या प्रक्रियेत थराचे वजन सुरुवातीला चक्क वाढते. ॲक्रिलिक रंगातले पाणी उडाल्यावर थर आक्रसतो आणि सुरीचे कंगोरे बसतात. तैलरंगात आत काहीतरी येत असते, म्हणून ओल्या रंगाची धार वाळल्यावरही जवळजवळ तशीच राहते. सुरीचे काम तैलरंगातच खुलते याचे मला हेच मुख्य कारण वाटते. खसखशीच्या तेलात लिनोलेनिक आम्ल नाममात्र असल्याने ते कमी पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या आणि निळ्या रंगांत ते वापरले जाते, पण ते वाळतेही सावकाश.

आणि इथे जाडी आडवी येते. ऑक्सिजन वरूनच येणार, वरचा थर आधी घट्ट होणार आणि खालच्या तेलापर्यंतची वाट तोच अडवणार. विसरणाने, म्हणजे रेणू हळूहळू आत झिरपत जाऊन, होणाऱ्या अशा प्रवासाला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक दशांश मिलिमीटरचा थर आठवडाभरात वाळत असेल, तर एक मिलिमीटरच्या थराला शंभर आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लागतील. वरून बोट लावले तर चित्र वाळलेले भासते, आत मात्र रंग मऊच असतो. वरची साय ऑक्सिजन घेऊन फुगते, खालचा भाग जागा देत नाही, आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. रंगद्रव्यांचाही यात हात असतो: अंबर या तपकिरी मातीच्या रंगातले मँगनीज, कोबाल्ट आणि शिसे वाळणे वेगवान करतात, तर काजळीचा काळा आणि कॅडमियमचे पिवळे-लाल रंग रेंगाळतात. सावकाश वाळणाऱ्या जाड थरावर झटपट वाळणारा पातळ थर दिला तर वरचा थर तडकतो. तेलकट थर नेहमी कमी तेलाच्या थरावर द्यावा, हा कलाशाळांत शिकवला जाणारा नियम याच रसायनशास्त्रातून आलेला आहे.

जाड थर उभा ठेवण्याचा प्रश्न डच चित्रकार रेम्ब्रांने सतराव्या शतकातच बऱ्यापैकी सोडवला होता. त्याच्या चित्रांतल्या उंच, उजळ लेपांचे सूक्ष्म नमुने फ्रान्समधील ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतितीव्र क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्रात, क्ष-किरणांनी तपासले गेले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांत प्लंबोनॅक्राइट हे शिशाचे दुर्मीळ संयुग सापडले. त्याने जवसाच्या तेलात शिशाचे ऑक्साइड मिसळून ते अल्कधर्मी केले असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला. अशा तेलातला पांढरा रंग घट्ट लोण्यासारखा उभा राहतो. शिसे विषारी असल्याने तो मार्ग आता बहुतेक चित्रकार टाळतात.

भारतीय चित्रकलेत जाड लेपाची आठवण काढायची तर सय्यद हैदर रझा यांचे नाव आधी येते. मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत सहभागी झालेले रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि त्या दशकाच्या मध्यावर जलरंगांकडून तैलरंगांकडे वळले. तिथल्या खेड्यांची, चर्चच्या मनोऱ्यांची आणि घरांच्या दाटीची त्यांची चित्रे जाड, घट्ट रंगात बांधलेली आहेत. नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनी सुरी उलट कामासाठी वापरली: रोलरने चढवलेला रंग त्यांनी तिने खरवडून, पातळ करून काढला, त्यामुळे त्यांच्या चित्रात प्रकाश आतून आल्यासारखा वाटतो. हत्यार तेच, जाडीशी वागणूक मात्र नेमकी विरुद्ध.

सुरीने रंगवू पाहणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कॅनव्हास आणि त्यावरचे सरसाचे अस्तर ओलावा घेऊन सैलावते, उन्हाळ्यात पुन्हा ताणते, आणि वरचा जड, ताठर रंग या हालचालीबरोबर हलू शकत नाही. त्यामुळे जाड काम फळीवर किंवा फळीला चिकटवलेल्या कॅनव्हासवर करणे शहाणपणाचे असते. दुसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. नळीवर पीडब्ल्यू (पिगमेंट व्हाइट, म्हणजे पांढरे रंगद्रव्य) ६ लिहिलेले असेल तर त्यात टायटॅनियम आहे, पीडब्ल्यू ४ असेल तर जस्त. जस्ताचा पांढरा रंग तेलातल्या आम्लांशी संयोग पावून जस्ताचे साबण बनवतो, थर काही वर्षांत ठिसूळ होतो आणि पापुद्र्याने सुटतो. अनेक मिश्र पांढऱ्या रंगांत दोन्ही असतात, म्हणून नळीच्या मागची बारीक अक्षरे वाचूनच तो घ्यावा. व्हार्निशची घाई तर मुळीच करू नये. पातळ तैलचित्रालाही सहा महिने ते वर्षभर थांबावे असा प्रघात आहे, आणि सुरीच्या चित्राला त्याहून जास्त.