पीसीटीला निघालेल्या गिऱ्हाइकांसाठी : सॅक ताब्यात घेण्याआधी एवढं वाचा

अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (पीसीटी) या लांब पायवाटेसाठी सॅक शिवून घ्यायला बेळगाव-खानापूरकडची पोरं अधूनमधून आमच्याकडे येतात. बहुतेक तिकडेच नोकरीला असतात, सुट्टीत गावी आली की माप देऊन जातात. प्रश्न मात्र सगळे वाटेवरच्या सिएरा नेवाडा डोंगरांतल्या बर्फाचे आणि अस्वलांचे. ते पुढचं पुढे. मेक्सिकोच्या सीमेवरच्या काम्पोपासून कॅनडापर्यंत ही वाट सुमारे ४,२६५ किलोमीटर आहे, आणि त्यातले पहिले साधारण ११०० किलोमीटर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या मुलखातले. पाय बिघडतात ते इथेच, तेही पहिल्या आठवड्यात.

आमचा धाकटा भाऊ एप्रिलमध्ये काम्पोहून वॉर्नर स्प्रिंग्जपर्यंत, म्हणजे १७६ किलोमीटर, चालून आला. खालचं बरंचसं त्याच्या पायांनी शिकवलेलं आहे.

पहिल्याच दिवशी फसगत होते. काम्पोहून लेक मोरेना ३२ किलोमीटर, आणि मध्ये भरवशाचं पाणी नाही. हाउसर खोऱ्यातला ओढा पावसावर अवलंबून. त्यामुळे जो तो एका दिवसात तळं गाठायला बघतो. हाउसरनंतर अंगावर येणारा चढ आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. सीमेवरून निघायला दिवसाला ५० जणांनाच परवाना मिळतो, तरी एकाच सकाळी निघालेल्यांचा आपोआप घोळका होतो. गप्पा रंगतात आणि आपण दुसऱ्याच्या चालीनं चालू लागतो. तसं करू नका. पाच-सहा लिटर पाणी घेऊन निघा, मध्येच तंबू टाका, आठवडाभर दिवसाला १५ किलोमीटरच्या वर जाऊ नका. मागे पडलात तर पडा की! तीच माणसं पुढच्या पाण्यावर पाय सोडून बसलेली भेटतात.

भाऊ ऐकला नाही. पहिल्याच दिवशी तळ्यावर पोहोचला, टाचेला रुपयाएवढा फोड घेऊन. फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. तेव्हाच थांबून, मोजा काढून, चिकटपट्टी लावायची असते. ‘पुढच्या सावलीत बघू’ म्हणालात की संपलं. बूट नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे घ्या, दिवसभर चालून पाय सुजतात.

दुसऱ्या दिवशी आमचीच चूक उघडी पडली. सहा लिटर पाण्याच्या वजनानं सॅकचा खांद्याचा पट्टा शिलाईतून उसवला. सोबतच्या एका जर्मन बाईंनी जाड सुई आणि दात साफ करायचा दोरा काढला आणि वाटेच्या कडेला बसून दोघांनी पट्टा परत शिवला. तो टाका शेवटपर्यंत टिकला. भावानं त्या बाईंना डब्यातली शेंगा चटणी दिली. तेव्हापासून सगळे त्याला ‘चटणी’ म्हणू लागले. या वाटेवर असं एकमेकांना टोपणनाव द्यायची रीतच आहे. आता प्रत्येक पट्ट्याच्या मुळाशी आम्ही आडवा पक्का टाका घालतो आणि सुई-दोरा फुकट देतो.

वाळवंट म्हणून गरम कपडे घरी ठेवू नका. काम्पो समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या आसपास, पण ६८ किलोमीटरवरचं माउंट लागुना १८०० मीटरवर आहे. तिथे एप्रिलमध्ये बर्फही पडू शकतो. पाण्याची खरी परीक्षा त्यापुढे, सिझर्स क्रॉसिंगपासून बॅरल स्प्रिंगपर्यंत. ३९ किलोमीटर नैसर्गिक पाणी नाही, सावलीही जवळजवळ नाही. भली माणसं वाटेत पाण्याचे कॅन ठेवतात, पण ते असतीलच असं धरून निघू नका. पहाटे चारला चालायला लागा, दुपारी कुठल्या तरी झुडपाखाली पडून राहा. बसण्याआधी झुडूप काठीनं हलवा, तिकडे रॅटलस्नेक, म्हणजे विषारी साप, असतात.

खाण्यात आपल्याकडची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि गोकाकचा करदंट यांना तोड नाही. वजनाला हलकं, शिजवायची कटकट नाही. कुंदा नको, टिकत नाही. विमानतळावर खाण्याचं सगळं जाहीर करा, लपवू नका. स्टोव्ह वापरणार असाल तर कॅलिफोर्नियाचा आगीचा परवाना ऑनलाइन काढा, तो फुकट मिळतो.

आता धंद्याच्या उलटं बोलतो : ७० लिटरची सॅक मागू नका. जागा असली की माणूस भरतोच. ५० ते ५५ लिटर पुरे. अन्न-पाणी सोडून सामान आठ किलोंच्या वर गेलं तर दुकानातच उपसून बघू. सॅक बसवून घ्यायला याल तेव्हा चालायचे बूट घालून या, आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणा. रिकाम्या सॅकचं माप आम्ही घेत नाही. ती पाठीवर टाकून एकदा येळ्ळूरचा राजहंसगड चढून या, भर एप्रिलच्या दुपारी. कुठे टोचलं, कुठे घासलं ते सांगा, पट्टे त्याच दिवशी सारखे करून देऊ. त्याचे पैसे नाहीत.