प्रकाश-उत्प्रेरित जैवभार रूपांतरण

प्रकाश शोषून कार्यान्वित होणाऱ्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने वनस्पतिजन्य पदार्थांतील (जैवभारातील) सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन (वनस्पतींच्या पेशीभित्तींतील मुख्य घटक) यांपासून इंधने वा उपयुक्त रसायने मिळविण्याची पद्धती. भुसा, गव्हाचे काड, उसाचे चिपाड असा अखाद्य माल तीत वापरता येतो.

या पद्धतीचा आरंभ पुष्कळदा १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत् अग्रावर केलेल्या पाण्याच्या विघटनाशी जोडला जातो. त्या प्रयोगात जैवभार मुळीच नव्हता. त्यामुळे कावाई व साकाता या जपानी शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये साखर, स्टार्च व सेल्युलोज यांपासून हायड्रोजन मिळविला, तोच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढील वर्षी त्यांनी शैवाल, मृत कीटक व विष्ठा यांवरही हीच विक्रिया करून दाखविली.

टिटॅनियम डाय-ऑक्साइडासारख्या अर्धसंवाहक उत्प्रेरकाने पुरेशा ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशकण) शोषला की इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जेच्या संयुजा पट्टातून वरच्या ऊर्जेच्या संवहन पट्टात जातो व संयुजा पट्टात धन विवर (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा) उरते. इलेक्ट्रॉनामुळे प्रोटॉनांचे क्षपण होऊन (त्यांना इलेक्ट्रॉन मिळून) हायड्रोजन मिळतो, तर विवरामुळे जैवभाराचे ऑक्सिडीभवन होते. हे ऑक्सिडीभवन विवर थेट करते की पाण्यापासून बनलेला हायड्रॉक्सिल मूलक (अतिक्रियाशील OH गट), याविषयी मतभेद आहेत. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला घट्ट बिलगणाऱ्या शर्करांच्या बाबतीत पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. हायड्रोजन पाण्यातून येतो की शर्करेतून, हा वादही असाच आहे. जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनाऐवजी ड्यूटेरियम हा त्याचा जड समस्थानिक असतो) विक्रिया केल्यास मुख्यतः ड्यूटेरियम वायू मिळतो, हा पाण्याच्या बाजूचा पुरावा मानला जाई; परंतु शर्करेच्या हायड्रॉक्सिल गटांतील हायड्रोजनाची जड पाण्याशी आपोआप अदलाबदल होते आणि ऑक्सिडीभवनात सुटलेले प्रोटॉनही द्रावणात मिसळून जातात, म्हणून तो निर्णायक म्हणता येत नाही.

ॲनाटेज या स्फटिकरूपातील टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचे पट्ट-अंतर (वरील दोन पट्टांमधील ऊर्जेचा फरक) सु. ३·२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने त्याला केवळ जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश चालतो आणि सूर्यप्रकाशात तो ऊर्जेच्या जेमतेम पाच टक्के असतो. कॅडमियम सल्फाइड (सु. २·४ इलेक्ट्रॉन व्होल्ट) दृश्य प्रकाशही शोषते. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१७ मध्ये त्याच्या साहाय्याने लाकूड व कागद यांपासूनही हायड्रोजन मिळविला, मात्र त्यासाठी तीव्र अल्कधर्मी द्रावण लागले. चीनमधील शियामेन विद्यापीठात २०१८ मध्ये कॅडमियम सल्फाइडाच्याच क्वांटम डॉट (काही नॅनोमीटर आकाराच्या) कणांनी लिग्निनातील घटकांना जोडणारा बीटा-ओ-४ हा ईथर बंध सौम्य परिस्थितीत तोडून ॲरोमॅटिक संयुगे मिळविण्यात आली. या मार्गात सेल्युलोज व हेमिसेल्युलोज बव्हंशी शाबूत राहतात. कॅडमियमाची विषारकता व प्रकाशामुळे होणारे सल्फाइडाचे क्षरण या अडचणी उरतातच.