भूतानचा प्रवेश परवाना: ठाणे-नवी मुंबईकरांनी निघण्याआधी काय तयार ठेवावं

भारतीय नागरिकाला भूतानसाठी व्हिसा लागत नाही. प्रवेश परवाना मात्र लागतो, आणि तो दोनच ओळखपत्रांवर मिळतो: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, किंवा भारत निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही. इथे बँकेपासून सोसायटीच्या गेटपर्यंत सगळीकडे आधार पुरतं, त्यामुळे सहलीचे पैसे भरताना हा प्रश्न कुणाच्या मनातच येत नाही. म्हणून तिकिटं काढायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र टेबलावर काढून बघा.

दुसऱ्या देशात मतदार कार्डावर जाता येतं, याचं मूळ दोन देशांच्या इतिहासात आहे. १८६४-६५ च्या युद्धानंतर सिंचुलाच्या तहाने भूतानला डोंगरपायथ्याचा दुआरांचा सखल पट्टा इंग्रजांना द्यावा लागला. आज आपण पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या ज्या जयगावातून भूतानमध्ये शिरतो, ते याच पट्ट्यात आहे. १७ डिसेंबर १९०७ रोजी पुनाखाला उग्येन वांगचुक पहिले राजे झाले. १९१० च्या तहात भूतानने परराष्ट्र व्यवहारात इंग्रजांचा सल्ला मानायचं कबूल केलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ च्या करारात इंग्रजांची जागा स्वतंत्र भारताने घेतली. २००७ मध्ये करार नव्याने झाला आणि सल्ल्याचं ते कलम गेलं. राहिली ती बरोबरीची मैत्री. आपल्याला मिळणारी सवलत या मैत्रीतून आलेली आहे. तिचा मान राखायचा तर कागद चोख हवेत.

मतदार कार्ड: इथेच जास्त लोक अडतात

कार्ड मूळ हवं. मोबाइलमधलं ई-कार्ड किंवा झेरॉक्स यांच्या भरवशावर सीमेवर जाऊ नका. फोटो पुसट झालेलं जुनं लॅमिनेट केलेलं कार्ड असेल, तर फॉर्म ८ भरून नवं मागवा. पत्ता बदलणं, नावातली चूक दुरुस्त करणं आणि नवं कार्ड मिळवणं या सगळ्यासाठी हाच फॉर्म आहे. तो मतदार सेवा पोर्टलवर भरता येतो, नाहीतर भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो.

घणसोली, कोपरखैरणे, वागळे इस्टेट भागात अनेकांचं मतदार कार्ड अजून साताऱ्याचं, सांगलीचं किंवा कोकणातल्या गावचं आहे. भूतानसाठी पत्ता ठाण्याचाच असला पाहिजे असं काही नाही. ते कार्ड चालेल, फक्त नाव आणि फोटो स्वच्छ दिसला पाहिजे.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी मात्र नीट लक्ष द्यावं. कार्डावर माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं आणि हॉटेलच्या बुकिंगवर तिसरंच काहीतरी, असं सर्रास घडतं. परवान्याच्या अर्जात जे ओळखपत्र जोडणार, त्यावरचं नाव अक्षराअक्षराने तिकिटावर आणि बुकिंगवर टाका. कार्डातलं नाव बदलून यायला वेळ लागेल. तिकीट कार्डावरच्या नावाने काढणं सोपं. ट्रॅव्हल एजंटला नाव फोनवर सांगू नका, कार्डाचा फोटो पाठवा.

घरात नुकतंच अठरा पूर्ण झालेलं मूल असेल तर त्याचा विचार आधी करा. त्याला जन्मदाखला चालणार नाही आणि पासपोर्ट नसेल तर मतदार कार्डच लागेल. नवी नोंदणी फॉर्म ६ ने होते. पात्रतेसाठी आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. नवी मुंबईकरांचा मतदारसंघ ऐरोली किंवा बेलापूर. ठाणे शहरात ठाणे, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी आणि मुंब्रा-कळवा. फॉर्ममध्ये चुकीचा निवडला तर अर्ज उगाच रेंगाळतो.

पासपोर्ट असेल तर एवढं बघावं लागत नाही. मुदत तेवढी तपासा. नव्याने काढायचा तर वागळे इस्टेटमध्ये पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन करून भेटीची वेळ घ्यायची. पोलीस पडताळणीसाठी पुरेसा अवधी हाताशी ठेवा.

अठरा वर्षांखालच्या मुलांना पासपोर्ट किंवा मूळ जन्मदाखला लागतो आणि सोबत पालक लागतात. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आहे ना, हे आजच बघा. जन्म होताच नोंद झालेल्या कित्येक दाखल्यांवर फक्त आईवडिलांची नावं असतात. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात अर्ज करून नाव घालून घ्यावं लागतं. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकूर असलेली नवी प्रत मागून घ्या. शाळेचं ओळखपत्र याला पर्याय नाही.

अर्ज आणि शुल्क

भूतानच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर निघण्याआधी अर्ज करता येतो. ओळखपत्राची स्कॅन प्रत, फोटो, येण्याजाण्याच्या तारखा, कुठे किती रात्री मुक्काम आणि हॉटेलचं बुकिंग एवढा तपशील हाताशी ठेवा. रस्त्याने जाणारे जयगावला लागून असलेल्या भूतानच्या सीमेवरच्या फुन्तशोलिंग शहरातल्या कार्यालयातही परवाना घेऊ शकतात, पण सुट्टीच्या हंगामात तिथल्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना उभं करण्यापेक्षा घरून अर्ज केलेला बरा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, हेही कार्यालयाची वेळ गाठताना लक्षात ठेवा.

भूतान पर्यटकांकडून घेतो ते शाश्वत विकास शुल्क भारतीयांना माणशी, एका रात्रीला १,२०० रुपये आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. हिशेब रात्रींचा करायचा, दिवसांचा नाही. आईवडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा पाच रात्री राहिले, तर मोठ्यांचे १२,००० आणि मुलीचे ३,००० मिळून १५,००० रुपये होतात. करोनाआधी भारतीयांना हे शुल्क नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा पुन्हा उघडल्यापासून ते घेतलं जातं. मला ते रास्त वाटतं. देशाचा किमान साठ टक्के भाग कायम जंगलाखाली ठेवण्याचं बंधन भूतानने थेट राज्यघटनेत घातलं आहे, आणि आपण तिथे जातो ते त्याच जंगलासाठी आणि त्यातून वाहणाऱ्या नद्यांसाठी. दरात बदल झाला आहे का, ते मात्र भरण्याआधी संकेतस्थळावर पाहून घ्या.

मुक्काम लिहिताना नकाशा समोर ठेवा

भूतानचं क्षेत्रफळ ३८,३९४ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण आठव्या हिश्शाएवढं. तेवढ्यात पायथ्याच्या दमट सपाटीपासून ७,५७० मीटरच्या गंगखार पुएन्सुम शिखरापर्यंत सगळं आहे. वस्ती उत्तर-दक्षिण खोऱ्यांत विखुरलेली आणि दोन खोऱ्यांच्या मधे उंच खिंड. त्यामुळे नकाशात जवळ दिसणारी गावं रस्त्याने अर्धा दिवस खातात. फुन्तशोलिंगहून थिम्फूला जाणारा रस्ता आपल्याच सीमा रस्ते संघटनेच्या दंतक प्रकल्पाने साठच्या दशकात बांधला; तो पायथ्यापासून दोन हजार मीटरहून अधिक चढतो. पहिल्या दिवशी थेट थिम्फू गाठायचा हट्ट धरू नका. थिम्फू आणि पारोच्या पुढे पुनाखा किंवा बुमथांगला जायचं असेल, तर ती नावं पहिल्या अर्जातच लिहा. वाटेत तपासणी नाके आहेत आणि परवान्यात नसलेल्या ठिकाणी पुढे सोडत नाहीत.

कारभार वीस जिल्ह्यांत विभागलेला आहे, आणि जिल्ह्याचं कार्यालय बहुतेक ठिकाणी झोंगमध्ये, म्हणजे जुन्या किल्ल्यात असतं. सतराव्या शतकात देश एकत्र आणणाऱ्या झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी हे किल्ले उभारायला सुरुवात केली. अर्धा भाग मठाचा, अर्धा सरकारचा. म्हणून तिथे जाताना हातपाय झाकणारे कपडे घालायचे आणि टोपी काढायची. २००८ पासून तिथे निवडून आलेलं सरकार आहे, संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ४७ सदस्य आहेत, आणि राजालाही पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं. राजघराण्याबद्दल लोकांच्या मनात खरी माया आहे. त्यावरून थट्टा करू नका.

रुपये सगळीकडे चालतात, भूतानचं चलन नगुल्ट्रम आणि रुपया यांची किंमत एकच आहे. उरलेले नगुल्ट्रम मात्र परतण्याआधी तिथेच खर्च करा, ठाण्यात ते कुणी घेणार नाही. आणि निघताना फुन्तशोलिंगच्या इमिग्रेशन खिडकीवर बाहेर पडल्याची नोंद करून घ्या. गाडी थेट जयगावात नेणाऱ्या ड्रायव्हरला त्यासाठी थांबायला आधीच सांगून ठेवा.