रेट सिंड्रोम ऑटिझमच्या गटात कसं गेलं आणि बाहेर कसं आलं

रेट सिंड्रोम हा मुख्यतः मुलींना होणारा, मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जेनेटिक आजार. निदान नवीन असलेले पालक हमखास विचारतात की रेट म्हणजे ऑटिझमच ना, बऱ्याच जुन्या फाइलींवर तसं लिहिलेलंही असतं. व्हिएन्नातल्या एका डॉक्टरांनी 1966 मधे ह्यावर जर्मनमधे लिहिलं ते फार कुणापर्यंत पोचलंच नाही, 1983 मधे 35 मुलींवरचा इंग्रजी पेपर आला तेव्हा कुठे बाकीच्या डॉक्टरांना नाव कळलं.

गुंता झाला 1994 मधे. अमेरिकन मानसोपचाराच्या मॅन्युअलने रेटला वेगळा आजार म्हटलं पण बसवलं ऑटिझमच्याच गटात. तेव्हा आजारामागचा जीन सापडला नव्हता, सगळं निदान लक्षणांवर, आणि बोलणं जातं, हातांचा वापर जातो, मूल कुणात मिसळत नाही असा एक काळ रेटमधे येतो, तेवढंच बघितलं तर ऑटिझम वाटणं साहजिक आहे. पण तो काळ बहुतेक मुलींमधे सरतो आणि मग त्या माणसांकडे टक लावून बघतात, हवी ती वस्तू नजरेनेच दाखवतात. एक्स क्रोमोसोमवरच्या एमईसीपी2 जीनमधल्या बिघाडाने रेट होतो हे 1999 मधे सापडलं, तरी गटातून नाव काढायला 2013 उजाडलं. निर्णय बरोबरच होता, पण फार उशिरा झाला. आणि मेख अशी की ऑटिझमचे निकष बसले तर ते निदान आजही देता येतं, सोबत जेनेटिक कारण नोंदवून. आपल्याकडे अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत रेटचं नावच नाही, म्हणून सर्टिफिकेट दुसऱ्याच कुठल्यातरी प्रकाराखाली काढावं लागतं.

नेहमीच्या बुद्धिमापन चाचण्यांना हात नाहीतर बोलणं लागतं, इथे दोन्ही नाही, मग मुलीला काही समजत नाही असा शिक्का बसायचा. आय ट्रॅकर, म्हणजे नजर कुठे आहे ते टिपणारं यंत्र, आल्यावर नजरेने स्क्रीनवरचं चित्र निवडता यायला लागलं. साधा पारदर्शक बोर्ड किंवा हो-नाहीची दोन कार्डंही चालतात, फक्त उत्तराला वेळ लागतो आणि आपण थांबायचं असतं, घाईघाईत प्रश्न परत विचारायचा नाही. 2020 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्सही मुलीला संवाद जमू शकतो हे धरूनच चालतात.

औषधांचं बघायचं तर 2007 मधे उंदरांमधे जीन परत चालू केल्यावर लक्षणं मागे फिरली, तिथून आशा वाढली. 2023 मधे अमेरिकेत ट्रोफिनेटाइडला मंजुरी मिळाली, 2 वर्षांपुढच्यांसाठी, पण त्याने जुलाब खूप जणांना होतात आणि मूळ जीन काही दुरुस्त होत नाही. जीन थेरपीच्या ट्रायल सुरू आहेत, तिथे डोस सांभाळणं सगळ्यात अवघड, कारण ह्या जीनपासून बनणारं प्रोटीन जास्त झालं तरी मेंदूला त्रासच होतो.