गॅदरिंग, क्रीडादिन आणि कॉपीराइट : आमच्याकडे बुकिंग करणाऱ्या शाळांसाठी

सर, मॅडम, नमस्कार.

बीड, परभणी, जालना भागातल्या शाळांची साउंड, शूटिंग आणि लाइव्हची कामं आम्ही करतो. दोन वर्षांपूर्वी एका गॅदरिंगचं यूट्यूबवर लाइव्ह चालू होतं. बऱ्याच लेकरांचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले, कोपीपुढं, म्हणजे उसाच्या फडावरच्या झोपडीपुढं, मोबाईल धरून बसलेले. नववीच्या मुलींचा नाच सुरू झाला, मागं सिनेमाचं गाणं लागलं आणि लाइव्ह बंद पडलं. दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला, "दादा, पोरगी दिसलीच नाही." चूक आमची होती. शाळेला आधी सांगायला हवं होतं. म्हणून हे पत्रक.

शाळेत सिनेमाच्या गाण्यावर नाचायला बंदी आहे का? नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळांना सवलत आहे. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी गाणं किंवा नाटक सादर केलं, रेकॉर्डिंग वाजवलं, आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, पालक व शाळेशी थेट संबंध असलेली माणसंच असली, तर हक्कभंग होत नाही. समोर कोण बसलंय, यावर सगळं आहे. आपल्याकडं मात्र गॅदरिंगला अख्खं गाव लोटतं. तेव्हा ही सवलत पुरेल असं धरून चालू नका. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावणार असाल तर नाटकासाठी लेखकाची परवानगी आणि गाण्यांसाठी परवाना आधीच घ्या.

नेटवर तर सगळं जगच प्रेक्षक. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. मग व्हिडिओचा आवाज जातो, व्हिडिओ अडतो किंवा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. मालकानं रीतसर तक्रार केली तर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबचा चॅनलवरचा ठपका, बसतो आणि ९० दिवसांत तीन बसले तर शाळेचं चॅनल जाऊ शकतं. "३० सेकंद चालतात" असं बरेच शिक्षक सांगतात. तशी सूट कायद्यात नाही. खाली "श्रेय मूळ मालकाला" लिहूनही भागत नाही.

क्रीडादिनाचं सोपं आहे. कबड्डी, खो-खो या खेळांवर कुणाचा कॉपीराइट नाही. अडचण होते ती मधल्या वेळात भोंग्यावर लागणाऱ्या गाण्याची, ते आमच्या माइकमध्ये शिरतं. म्हणून लाइव्हला आम्ही फक्त निवेदकाचा माइक जोडतो. नावाजलेल्या संघाचं बोधचिन्ह जर्सीवर छापून मागू नका, तिथं ट्रेडमार्कचा कायदाही आडवा येतो.

मग वाजवायचं काय? लेखक वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं त्याच्या लेखनाचे हक्क टिकतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०१० अखेर मोकळं झालं. संतांचं तर सगळंच मोकळं, आणि पैठणचे एकनाथ, गंगाखेडच्या जनाबाई, नर्सीचे नामदेव आपल्याच मातीतले. फक्त एक लक्षात ठेवा : भारूड मोकळं असलं तरी कुणी गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही, आणि नव्यानं लावलेल्या चालीलाही हक्क असतो. पोरांनी हलगी-संबळावर स्वतःच्या चालीत म्हणावं. असे कार्यक्रम आमच्या लाइव्हवर आजवर एकदाही अडले नाहीत, आणि खरं सांगायचं तर बघायलाही तेच जास्त भावतात.

शाळेनं पैसे देऊन करून घेतलेल्या फोटो-शूटिंगचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, शाळेचा. आमच्या जाहिरातीत वापरायचं झालं तर आम्ही लेखी विचारतो. विद्यार्थ्यानं काढलेलं चित्र मात्र त्याचं स्वतःचं, शाळेचं नव्हे. कॅलेंडरवर छापायचं असेल तर पालकांकडून लेखी घ्या आणि चित्राखाली त्याचं नाव टाका.

कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी गाण्यांची यादी घेऊन दुकानात या. कुठलं नुसतं मंडपात वाजेल आणि कुठलं लाइव्हला जाईल ते बसून ठरवू. ज्या लेकरांचे आई-बाप फडावर आहेत, त्यांच्या नाचांवर यादीत खूण करून आणा. ते नाच आधी बघू.