एक आडनाव, तीन लिप्या आणि रेंगाळलेला शोध

खानापूर किंवा निपाणीच्या पतसंस्थेत एकच आडनाव तीन रूपांत सापडतं: जुन्या नोंदीत मराठी, पुढच्या नोंदीत कन्नड, केवायसीतून आलेलं इंग्रजी. गावाचंही तेच. 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं; जुन्या नोंदी आहेत तशाच राहिल्या. मग प्रोग्रामर नावाच्या पुढेमागे टक्केचिन्ह लावून ‘कुठेही आढळलं तरी चालेल’ अशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहितो. काउंटरवरची रांग तिथून वाढते.

डेटाबेसचा इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची, बहुधा बी-ट्री या झाडासारख्या रचनेचा असतो. 1970 च्या सुमारास बोइंगमध्ये काम करताना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी ही रचना मांडली. नोंदी क्रमाने लावलेल्या असतात आणि एकेका पानातून शेकडो वाटा फुटतात. पानागणिक 200 वाटा धरल्या, तर तीन पायऱ्यांत 80 लाख नोंदींतली हवी ती हाती लागते. पण सुरुवातीलाच टक्केचिन्ह असेल तर पहिलं अक्षरच ठाऊक नसतं. क्रम निरुपयोगी होतो आणि सगळा टेबल वाचावा लागतो. क्वेरीत कॉलमवर लिपी बदलणारं फंक्शन लावलं तरी तेच, कारण इंडेक्समध्ये मूळ रूप असतं.

म्हणून हे रूपांतर शोधताना नको, नोंद साठवतानाच करावं. ‘शोधनाव’ असा वेगळा कॉलम ठेवून त्यावर इंडेक्स बांधावा. कन्नडसाठी हे काम सुखद सोपं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, भारतीय लिप्या समांतर मांडल्या आहेत. कन्नड ‘क’च्या क्रमांकातून 896 वजा केले की देवनागरी ‘क’ मिळतो. ऱ्हस्व ए-ओ तेवढे मराठीच्या ए-ओत मिळवून घ्यायचे. इंग्रजी स्पेलिंगला मात्र नियम पुरत नाहीत, तिथे आडनावांची यादीच करावी लागते. ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ’ही जपावा: तो एका संकेतात लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) मिळून. डोळ्यांना फरक दिसत नाही, इंडेक्सला बहुधा दिसतो. साठवण्याआधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण केलं की दोन्ही एक होतात.

यानंतर, क्वेरी कोणत्या वाटेने चालते ते दाखवणारी ‘एक्स्प्लेन’ ही आज्ञा चालवून इंडेक्स खरंच वापरला जातोय का ते पाहावं. अंदाजाने नवा सर्व्हर घेण्याआधी तर नक्कीच.

इंडेक्स फुकट मिळत नाही, प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तोही लिहावा लागतो. संध्याकाळी पिग्मी एजंटांचा भरणा एकदम येतो, तेव्हा व्यवहारांच्या टेबलवरचा प्रत्येक जादा इंडेक्स जाणवतो. तिथे खातेक्रमांक आणि तारीख यांचा एक जोडइंडेक्स बहुधा पुरतो. नावाचा इंडेक्स खातेदारांच्या टेबलवरच शोभतो.