उद्योजकीय वृत्ती आणि नवोन्मेषी लघू-मध्यम उद्योगांची व्यूहनीती

नवे उत्पादन, नवी प्रक्रिया किंवा नवी बाजारपेठ यांच्या बळावर वाढू पाहणाऱ्या लहान व मध्यम उद्योगांत मालकाची वृत्ती आणि उद्योगाने धरलेली दिशा यांचा जो संबंध असतो, त्याचा विचार या संकल्पनेखाली होतो. भारतात लघू आणि मध्यम उद्योगांची व्याख्या २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार ठरते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मर्यादांप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १०० कोटींपर्यंत असलेला उद्योग लघू, तर अनुक्रमे १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंतचा उद्योग मध्यम ठरतो. या मोजमापात नवोन्मेषाला स्थान नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे एकच सुटा भाग घडवणारा कारखाना आणि सतत नवे यंत्र बाजारात आणणारा कारखाना सरकारी नोंदीत एकाच रकान्यात येतात.

उद्योजकाच्या स्वभावविशेषांचा अभ्यास आधी मानसशास्त्रज्ञांनी केला. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ मध्ये कर्तृत्वाची प्रेरणा हा गुण पुढे मांडला. अवघड पण आवाक्यातले लक्ष्य निवडण्याकडे आणि आपल्या कामाचा निकाल लगेच जाणून घेण्याकडे अशा माणसाचा कल असतो, असे त्यांचे म्हणणे होते. ही प्रेरणा शिकवून वाढवता येते का, हे तपासण्यासाठी त्यांनी १९६४ पासून आंध्रातील काकिनाडा येथील छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देण्याचा प्रयोग केला, आणि भारतातील उद्योजकता प्रशिक्षणावर त्याचा ठसा बराच काळ राहिला. ‘यश-अपयश आपल्याच हाती आहे’ ही धारणा, अनिश्चितता सोसण्याची तयारी आणि स्वायत्ततेची ओढ हे गुणही पुढे या यादीत आले. मात्र हेच गुण वकिलात, खेळाडूत किंवा शास्त्रज्ञातही आढळतात. उद्योजकतेचे अभ्यासक विल्यम गार्टनर यांनी १९८८ मध्ये घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे: उद्योजक कोण, यापेक्षा तो काय करतो, हे पाहावे. हा आक्षेप रास्त आहे, तरी लहान उद्योगाच्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण तिथे खरेदी, भरती, दर आणि नवे यंत्र घेण्याचा निर्णय बहुधा एकाच माणसाच्या डोक्यातून निघतो, आणि त्याचा स्वभाव हीच बऱ्याच अंशी कारखान्याची व्यूहनीती असते.

व्यवस्थापनाचे अभ्यासक डॅनी मिलर यांनी १९८३ मध्ये नवोन्मेष, जोखीम पत्करणे आणि इतरांच्या आधी हालचाल करणे या तीन कसोट्या व्यक्तीऐवजी संपूर्ण उद्योगाला लावल्या. लम्पकिन आणि डेस यांनी १९९६ मध्ये त्यांत स्वायत्तता आणि आक्रमक स्पर्धा यांची भर घातली. या कसोट्या नेहमी एकत्र चढत-उतरत नाहीत, हा त्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नवे उत्पादन धाडसाने काढणारा मालक पैशाच्या बाबतीत कमालीचा सावध असू शकतो.

मराठी मुलखात याचे ठळक उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे आहे. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकला सोडून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवू लागले, बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामुअण्णांबरोबरचा सायकलींचा व्यवसाय त्यांनी यंत्रांच्या निर्मितीकडे वळवला. आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. अख्खा कडबा टाकला तर जनावरे ताटाचा टणक भाग सोडून देतात, म्हणून कापणी यंत्राचा फायदा शेतकऱ्याला गोठ्यातच दिसत होता. नांगराचे तसे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी समजूत होती, आणि पहिला नांगर खपायला दोनेक वर्षे गेली असे सांगितले जाते. ही दोन वर्षे तग धरता आली, कारण त्यांनी आपला सारा डाव एकाच मालावर लावला नव्हता. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ आणि कर्ज दिले; तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात आयात आटली आणि परदेशी नांगरांची स्पर्धा ओसरली, पण कोळसा, लोखंड आणि रंग यांचीही टंचाई झाली. तेव्हा पर्यायी इंधन आणि घरी बनवलेला रंग यांवर कारखान्याने वेळ निभावली. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. गिऱ्हाइकापर्यंत मालाची माहिती पोचवण्यासाठी शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले हे पत्र पुढे मराठीतील एक महत्त्वाचे मासिक झाले.

माइल्स आणि स्नो या व्यवस्थापन अभ्यासकांनी १९७८ मध्ये केलेल्या उद्योगांच्या व्यूहनीतीच्या वर्गीकरणात नव्या संधी शोधणारे, आपले क्षेत्र राखणारे, दोन्हींचा मेळ घालणारे आणि केवळ घडेल त्याला प्रतिसाद देणारे असे चार प्रकारचे उद्योग येतात. लहान नवोन्मेषी उद्योग पहिल्या किंवा तिसऱ्या प्रकारात बसतो. मोठ्या कंपन्यांना क्षुल्लक वाटणारा बाजाराचा कोपरा निवडून त्यात जगभर पाय रोवायचे, ही जर्मनीतील अनेक मध्यम उद्योगांची रीत हर्मन सायमन यांनी दाखवून दिली. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचे वेगळे चित्र मांडले: ते अपेक्षित नफ्याचा हिशेब करण्याआधी किती नुकसान झेपेल ते ठरवतात आणि हाताशी असलेली माणसे, ओळखी व कौशल्ये यांतूनच सुरुवात करतात.

महाराष्ट्रातील भोसरी, कोल्हापूर किंवा वाळूज येथील यंत्रकाम आणि ओतकाम करणाऱ्या अनेक कारखान्यांत या साऱ्याला एक मोठी मर्यादा पडते, ती जॉब वर्कची, म्हणजे दुसऱ्याच्या मागणीबरहुकूम सुटे भाग करून देण्याची. आराखडा, पोलाद आणि दर तिन्ही मोठी कंपनी ठरवते. कारखानदाराच्या कल्पकतेला वाव उरतो तो फिक्श्चर (यंत्रावर भाग घट्ट धरून ठेवणारे साधन) सुधारण्यात, कटिंगचा वेळ आणि नासाडी कमी करण्यात. स्वतःचे उत्पादन काढायचे तर नमुना बनवणे, चाचण्या आणि विक्री यांत खेळते भांडवल अडकते, आणि तेच आधी गिऱ्हाइकाकडे थकलेले असते. सूक्ष्म आणि लघू पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मध्यम उद्योगांना मात्र हे संरक्षण लागू नाही.